कोथिंबिरीची जुडी आणि विद्यापीठाचं दार

आमच्या गावातली निम्मी मराठी मंडळी शनिवारी सकाळी काकांच्या दुकानात भेटतात. 'आमचं गाव' म्हणजे अमेरिकेतलं, राज्य विद्यापीठाच्या आधाराने वाढलेलं एक मध्यम गाव. काकांचं दुकान एका छोट्या मॉलमध्ये आहे. एका बाजूला कपडे धुण्याचं लाँड्रोमॅट, दुसऱ्या बाजूला इन्कमटॅक्सचे कागद भरून देणारा. मधल्या दारातून आत शिरलं की हिंग, उदबत्ती आणि ओली मेथी यांचा एकत्र वास येतो आणि माणूस क्षणभर कराडला नाहीतर दादरला पोचतो. मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं तिथे मिळतात, नवीन आलेल्या मुलांना खोली कुठे मिळेल हे तिथे कळतं, आणि कोणाची आई भारतातून आली आहे, कोणाचे गुडघे दुखताहेत, ही बातमीही तिथेच फुटते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी मी दुकान बंद व्हायच्या वेळेला पोहे आणायला गेलो. मागच्या दाराशी काका पिवळ्या पडलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या काळ्या पिशवीत भरत होते. मी म्हटलं, "काका, एवढी?" तर म्हणाले, "अरे, ही तर कमीच आहे आज." आणि मग, पिशवीची गाठ मारता मारता, जणू हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं, "जूनअखेर लीज संपतंय. मालक भाडं वाढवून पाच वर्षांची सही मागतोय. तिकडे हायवेला ते मोठं दुकान झालंय. मुलगा म्हणतो, बाबा आता पुरे. बघू."

मला काय बोलावं ते सुचेना. एक तर वाईट वाटलं. दुसरं म्हणजे, माझ्या गाडीच्या डिकीत त्याच हायवेवरच्या मोठ्या दुकानातून घेतलेली वीस पौंडांची तांदळाची गोणी होती!

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी इंडस्ट्रियल इंजिनियर. भारतातून बी.ई. करून इथे मास्टर्स केलं. गेली वीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या गोदामांत माल किती ठेवावा, कधी मागवावा, कुठे रचावा, याची गणितं मांडून पोट भरतो. माझ्या मामांचं कराडला किराणा दुकान होतं. लहानपणी सुट्टीत मी तिथे पुड्या बांधल्या आहेत. पण घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "शीक, नाहीतर मामासारखं तराजू धरून बसावं लागेल." आपल्या मराठी मध्यमवर्गाला दुकानदारीबद्दल जी एक आतली अढी असते ना, ती माझ्यातही मुरली होती. त्यामुळे वीस वर्षं मी ज्याचं शास्त्र शिकलो आणि विकलं, ते शनिवारी ज्यांच्याकडून भाजी घेतो त्या माणसाच्या उपयोगी पडेल, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. त्या काळ्या पिशवीने तो शिवला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती विद्यापीठातच ऑफिसात काम करते. ती म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर छोट्या धंद्यांना मदत करणारं एक केंद्र आहे. पाटी रोज वाचते, कधी कोणाला आत जाताना बघितलं नाही."

त्या पाटीमागची हकिगत अशी. अमेरिकेत शेतकऱ्याच्या मदतीला विद्यापीठाने जावं ही कल्पना फार जुनी. १८६२ साली मॉरिल कायदा झाला, त्यातून 'लँड ग्रँट' विद्यापीठं उभी राहिली. १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठातलं ज्ञान थेट बांधावर नेणारी 'एक्स्टेन्शन'ची यंत्रणा आली. मक्याला कीड लागली की शेतकरी कोणाला विचारायचं हे जाणतो. दुकानदाराच्या मालाला कीड लागली तर मात्र विचारायला कोणी नव्हतं. ते दार फार उशिरा उघडलं. १९७६ साली कॅलिफोर्नियात पोमोना इथल्या कॅल पॉली विद्यापीठात पहिलं प्रायोगिक केंद्र निघालं, १९८० साली त्याचा कायदा झाला, आणि आज 'स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर' या नावाची जवळजवळ हजार केंद्रं देशभर आहेत. त्यांतली पुष्कळशी विद्यापीठांत किंवा कम्युनिटी कॉलेजांत आहेत. न्यू जर्सीतल्या केंद्रांचं मुख्य ठाणं रटगर्सच्या बिझनेस स्कूलमध्ये, नेवार्कला आहे. काही पैसा केंद्र सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा, काही राज्याचा नि विद्यापीठाचा. सल्ल्याला फी नाही. म्हणजे आपण भरलेल्या करातून आधीच दिलेली आहे!

मी हे सगळं उत्साहाने काकांना सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीस वर्षं दुकान चालवतोय. आता कॉलेजातलं पोर येऊन मला धंदा शिकवणार?"

त्यावर मी त्यांना बारकोडची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण ती फार बोलकी आहे.

१९४८ साली फिलाडेल्फियात एका किराणा साखळीचा प्रमुख ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटच्या एका डीनकडे गेला. म्हणाला, गल्ल्यावर प्रत्येक वस्तूची नोंद आपोआप होईल असं काहीतरी तुमच्या लोकांनी शोधून द्यावं. डीनने नकार दिला. पण हे बोलणं बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या एका विद्यार्थ्याच्या कानावर पडलं. त्याने ते आपल्या मित्राला, नॉर्मन जोसेफ वुडलँडला सांगितलं. वुडलँडच्या डोक्यात तो किडा असा वळवळायला लागला की तो मायामीला आजोबांकडे जाऊन विचार करत बसला. बालवीर असताना शिकलेली मोर्सची टिंबं आणि रेघा त्याने समुद्रकाठी वाळूत काढल्या, बोटांनी खाली ओढल्या, आणि जाड-बारीक रेघांची कल्पना सुचली. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोघांना पेटंट मिळालं. ती खूण वाचायला लागणारे लेसर आणि स्वस्त संगणक यायला मात्र आणखी वीसेक वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं. दुकानात बारकोडने नोंदलेली ती पहिली वस्तू.

"आता सांगा काका," मी म्हटलं, "यात शहाणा कोण? डीनसाहेब नव्हेत. प्रश्न दुकानदाराचा होता. त्याने तो विद्यापीठाच्या दारात नेला म्हणून पुढचं सगळं घडलं."

काका काही बोलले नाहीत. काकूच आतून म्हणाल्या, "येऊ दे की त्या पोराला. चहा तर पिऊन जाईल."

जानेवारीत सेमिस्टर सुरू झालं. केंद्रातल्या बाईंनी बिझनेस स्कूलमधल्या एका प्रोफेसरांशी गाठ घालून दिली, त्यांनी आपल्या मास्टर्सच्या वर्गातला एक विद्यार्थी प्रकल्पासाठी दिला. सहा फूट उंचीचा, आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या दिवशी त्याला कोथिंबीर आणि मेथी यांतला फरक कळेना. काकांनी माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की मी रजिस्टरच्या मागे लपलो. पण पोराने एक गोष्ट चांगली केली. पहिले तीन आठवडे एकही सल्ला दिला नाही. शनिवारी यायचा, गोण्या उचलायला मदत करायचा आणि वहीत लिहायचा. कोण काय मागतं, काय न मिळाल्यामुळे परत जातं, रविवारी रात्री काय फेकलं जातं.

दहा शनिवार झाल्यावर त्याने कोथिंबिरीचा हिशोब मांडला. तो इथे देतो. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे मी जरा गोल केले आहेत, पण रीत तीच. आपल्यापैकी जे दुकान, केटरिंग किंवा मंडळाचा बटाटेवड्यांचा स्टॉल चालवतात त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

जुडी काकांना पडते ६० सेंटला, विकतात दीड डॉलरला. काका दर आठवड्याला ५० जुड्या मागवत, कारण "गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये." दहा आठवड्यांची मागणी लहानापासून मोठ्यापर्यंत रचली तर अशी: २२, २५, २६, २८, ३०, ३१, ३३, ३६, ४०, ४८. एकूण ३१९. मागवल्या ५००, म्हणजे १८१ जुड्या काळ्या पिशवीत. विक्री ४७८ डॉलर ५० सेंट, खरेदी ३०० डॉलर, हातात उरले १७८ डॉलर ५० सेंट.

आता गंमत बघा. एक जुडी उरली तर ६० सेंटचं नुकसान. एक जुडी कमी पडली तर ९० सेंटचा नफा हुकला. ९० भागिले, ९० अधिक ६०. उत्तर ०.६. म्हणजे दहातल्या सहा आठवड्यांना पुरेल एवढाच माल मागवावा. वरच्या रांगेत सहावा आकडा ३१. दर आठवड्याला ३१ मागवल्या असत्या तर २८६ विकल्या गेल्या असत्या, खरेदी १८६ डॉलर, हातात २४३ डॉलर. फेकायला फक्त २४ जुड्या.

या गणिताला 'न्यूजव्हेंडर' म्हणजे पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात. सकाळी किती पेपर उचलावे, कारण संध्याकाळी उरलेल्याची रद्दी होते. याचं मूळ फ्रान्सिस एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या १८८८ सालच्या लेखात आहे. त्याला प्रश्न पडला होता बँकेने तिजोरीत किती रोकड ठेवावी याचा. १९५१ साली केनेथ ॲरो आणि सहकाऱ्यांनी साठ्याचं आधुनिक गणित मांडलं. मी मास्टर्सच्या पहिल्याच सेमिस्टरला हे शिकलो, परीक्षेत पूर्ण मार्क मिळवले, आणि त्यानंतर वीस वर्षं काकांच्या दुकानात समोर फेकली जाणारी कोथिंबीर बघत राहिलो!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोराने मोठ्या अभिमानाने "३१" असं लिहिलेला कागद काउंटरवर ठेवला. काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आणि ज्यांना मिळणार नाही त्या बायका काय करतील? कोथिंबिरीला म्हणून हायवेच्या दुकानात जातील आणि पोहे, शेंगदाणे, गूळ, सगळं तिथूनच घेऊन येतील. तू ९० सेंट म्हणतोस, माझं अख्खं गिऱ्हाईक जातं."

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "हे माझ्या पुस्तकात नाही. तुम्ही सांगा, किती धरू?" दोघांनी बसून अंदाज काढला. एक जुडी न मिळाल्याचं खरं नुकसान ९० सेंट नव्हे, दोन डॉलर ४० सेंटच्या घरात. २.४० भागिले ३, म्हणजे ०.८. आठवा आकडा ३६. ३६ जुड्या मागवल्या तर हातात राहतात २३८ डॉलर ५० सेंट. ३१ पेक्षा साडेचार डॉलर कमी, पण विन्मुख जाणारी गिऱ्हाइकं निम्म्याच्या आसपास आली. ५० पेक्षा मात्र दहा आठवड्यांत ६० डॉलर जास्त. नुसती कोथिंबीर! मेथी, वांगी, दूध, पाव अजून बाकीच.

त्या दुपारी मला कळलं की भागीदारी म्हणजे काय. सूत्र विद्यापीठाचं, पण त्यात घालायचा आकडा काकूंचा. काकूंकडे सूत्र नव्हतं, पोराकडे आकडा नव्हता. दोघं एका काउंटरवर उभे राहिले तेव्हा उत्तर आलं.

उलटंही झालं. काकांच्या दुकानात एक अख्खी भिंत लोणच्यांची. पोराने वर्गात एक प्रसिद्ध प्रयोग वाचला होता. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला. कॅलिफोर्नियातल्या एका सुपरमार्केटात चव घ्यायला कधी २४ जातींचे जॅम मांडले, कधी सहाच. २४ असताना जाणाऱ्यांपैकी ६० टक्के थांबले, पण त्यांतल्या तीन टक्क्यांनीच जॅम घेतला. सहा असताना ४० टक्के थांबले, आणि त्यांतल्या तीस टक्क्यांनी घेतला. पोरगा म्हणाला, लोणची कमी करा. पण त्याच्या प्रोफेसरांनी त्याला थांबवलं. २०१० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे लागू पडतं, कुठे नाही. तेव्हा आधी करून बघा. त्यांनी महिनाभर अर्धी लोणची मागे ठेवली. विक्रीत काहीच फरक पडला नाही. उलट एका आजीबाईंनी "आमचं माइनमुळ्याचं लोणचं कुठे गेलं?" म्हणून काकांना फैलावर घेतलं. लोणची परत भिंतीवर आली. काका भलतेच खूष. पण मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांचा पोरावर विश्वास बसला. आपलं चुकलं हे तो सरळ म्हणाला होता.

मार्चच्या शेवटी हिशोबाच्या वह्यांची पाळी आली. इथे सगळ्यांत अवघड गोष्ट घडली, आणि खरं तर त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

दुकानातलं सगळ्यांत जास्त नफ्याचं खातं कुठलं? भाजी नव्हे, तांदूळ नव्हे. काकूंच्या चकल्या, पुरणपोळ्या आणि शुक्रवारच्या साबुदाणा खिचडीचे डबे. त्यांचा नफा वहीत इतका मोठा दिसत होता की पोराला शंका आली. त्याने विचारलं, "हे करतं कोण?" काका म्हणाले, "ही करते." "किती तास?" कोणीच बोलेना. काकूंनी बोटांवर मोजलं. पहाटे चारपासून, आठवड्याचे अठ्ठावीस-तीस तास, शिवाय दुपारी काउंटर. "आणि त्यांचा पगार कुठे लिहिलाय?"

काका म्हणाले, "अरे, घरच्या माणसाला कसला पगार?"

तो आयोवाचा पोरगा चांगला, पण स्पष्ट. म्हणाला, "माझ्या घरी शेतावर आई जे करते तेही वहीत नसतं. पण मग तुमचं दुकान नफ्यात नाही. तुमचं दुकान यांच्या झोपेवर चाललंय."

मी मराठीत भाषांतर करायचं टाळलं. गरज नव्हती, दोघांनाही समजलं होतं.

पुढे प्रोफेसरांनी मला सांगितलं की हा शोध काही नवा नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९११ साली धंद्याच्या संशोधनासाठी खास विभाग काढला, तेव्हा पहिला अभ्यास कशाचा केला असेल? पोलादाचा नाही, रेल्वेचा नाही. बुटांच्या दुकानांचा! जावं तिथे दिसलं, की प्रत्येक दुकानदाराची हिशोबाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे कोणाचं बरं चाललंय आणि कोणाचं वाईट हे त्यांचं त्यांनाच माहीत नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी हिशोबाची एकच पद्धत तयार केली. मालकाने स्वतःचा पगार खर्चात धरायचा आणि दुकानाची जागा स्वतःची असली तरी तिचं भाडंही धरायचं. शंभर वर्षं होऊन गेली, आपण अजून तिथेच आहोत. मामांच्या दुकानात मामीही दिवसभर गहू निवडत बसायची. तिचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं.

त्या रात्री काका-काकूंमध्ये काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. पण पुढच्या आठवड्यात वहीत एक नवीन रकाना होता. काकूंचे तास आणि त्यापुढे डॉलर.

नवीन रकाना घालून हिशोब परत मांडला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. मंगळवार-बुधवार दुकान उघडं ठेवण्यात तोटा होता. तांदळाच्या गोण्या हायवेच्या दुकानाशी स्पर्धा करत जागा अडवून बसल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या डेव्हिड हफ यांनी १९६०च्या दशकात एक गणित मांडलं आहे: दुकान जितकं मोठं तितकं गिऱ्हाईक ओढतं, जितकं लांब तितकं कमी ओढतं. आकाराच्या लढाईत काका हरणारच होते. पण ताजी पुरणपोळी, मंगळागौरीचं सामान, ओळखीने दिलेलं चांगलं नारळ, या गोष्टींत हायवेचं दुकान मैदानातच नव्हतं.

एप्रिलअखेर पोराने बारा पानांचा रिपोर्ट दिला. काकांनी तो घेऊन घरमालकाची भेट घेतली. पाच वर्षांऐवजी दोन वर्षांची सही झाली आणि भाडं थोडं खाली आलं. दुकान मंगळवार-बुधवार बंद असतं. चकल्यांची किंमत वाढली, कुरकुर झाली, पण खप कमी झाला नाही. पहाटेच्या कामाला एक बाई पगारी ठेवली आहे. फार मोठा चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. येत्या जूनमध्ये ती दोन वर्षं संपतील, आणि तेव्हा कदाचित दुकान बंदही होईल. पण तो निर्णय आता काका-काकू उघड्या डोळ्यांनी घेतील. भाड्याच्या धाकाने नव्हे, आणि झोपेच्या उधारीवर नव्हे.

आपल्या मंडळात बरेच जण आता नोकरी सोडून किंवा सांभाळून छोटे धंदे करतात. दुकान, उपाहारगृह, कपड्यांची विक्री, पूजासाहित्य. त्यांच्यासाठी या अनुभवातून चार गोष्टी.

पहिली, जवळच्या विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजात छोट्या धंद्यांचं केंद्र आहे का ते बघा, आणि तिथल्या प्रोफेसरांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाबद्दल विचारा. प्रकल्पाची जुळवाजुळव सेमिस्टरच्या आधी करावी लागते. जानेवारीचं काम हवं तर ऑक्टोबरात फोन करा. मे महिन्यात पोरगा पदवी घेऊन निघून जातो, तेव्हा त्याने केलेली पद्धत तुम्हाला स्वतः चालवता येईल अशीच करून घ्या.

दुसरी, "धंदा वाढवायचाय" असं सांगू नका. तो प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. "रविवारी कोथिंबीर का उरते?" हा प्रश्न आहे. प्रश्न जितका लहान, उत्तर तितकं कामाचं.

तिसरी, नोंदी ठेवा. काय विकलं एवढंच नव्हे, तर काय संपलं आणि काय फेकलं तेही. माल शनिवारी अकरालाच संपला तर विक्रीचा आकडा खरी मागणी दाखवत नाही. साधी वही पुरते.

चौथी, आपला हिशोब कोण बघणार आणि कुठे छापणार हे आधी लिहून घ्या. विद्यापीठाला प्रबंध हवा असतो, तुम्हाला दुकान चालवायचं असतं. दोघांची गरज वेगळी आहे हे मान्य केलं की भांडण होत नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी सांगायचं तर तिथे १९७५ साली सुरू झालेली आणि २००३ पासून 'नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप' या नावाने चालणारी योजना आहे. विद्यापीठ आणि कंपनी मिळून एक पदवीधर एक ते तीन वर्षांसाठी घेतात, आणि छोट्या कंपनीला साधारण एक तृतीयांश खर्च उचलावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानाला ती झेपणार नाही, पण मसाल्यांचा किंवा खाद्यपदार्थांचा धंदा थोडा वाढला असेल तर विचार करण्यासारखी आहे.

आणि हे सगळं परदेशीच आहे असंही समजू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली होती. मोठा अर्थशास्त्रज्ञ फळांच्या बाजाराकडे वळला, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटला तो आमच्यासारख्या, तराजूपासून पळून आलेल्या भाच्यांना.

मागच्या आठवड्यात त्या पोराचं पत्र आलं. शिकागोला नोकरी लागली आहे, एका मोठ्या किराणा कंपनीत. काकूंनी त्याला चकल्यांचा डबा पाठवला. काकांनी पोस्टाचा खर्च वहीत लिहिला, आणि त्याखाली काकूंचा अर्धा तासही.

माझ्या डिकीत हल्ली तांदळाची गोणी नसते. हायवेच्या दुकानात ती चार डॉलरने स्वस्त मिळते, हे मला ठाऊक आहे. काकांनाही ठाऊक आहे, म्हणून ते मला सांगतात, "तांदूळ तिकडूनच आण रे, मी आता ठेवत नाही. कोथिंबीर मात्र इथून ने. छत्तीसच आहेत, लवकर ये."